दुसरी सुई
बायकोचं, गीताबाईचं, तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हनुमंत दौंडच्या दवाखान्यात गेला. बरोबर मेहुणा संपत होता. एसटीत बसल्यापासून संपतचं एकच चाललं होतं.

"दाजी, डॉक्टरणीला सोडायची न्हाई. सुई टोचली आन् तासाभरात आक्काला हुडहुडी भरली. बरं झालं, तुमी दुसरी टोचू दिली न्हाई."

हनुमंतालाही तसंच वाटत होतं. कमरेत कळ आणि ताप म्हणून त्यानं बायकोला वडगाव रासाईहून याच दवाखान्यात आणलं होतं. लघवीतले जंतू रक्तात गेलेत, असं डॉक्टर साधनाबाई म्हणाल्या. दुपारी सुई दिली आणि थोड्याच वेळात दोन गोधड्या घालूनही गीताबाईचे दात वाजायला लागले. वीस वर्षं मेंढरं वळलेला माणूस तो. सुईनंतर मेंढी थरथरली तर तिला ती मानवली नाही, परत टोचायची नाही, हा त्याच्या बापापासूनचा नियम. संध्याकाळी नर्स दुसरी सुई घेऊन आली तेव्हा त्यानं तिचा हातच धरला. सलाईन काढायला लावलं, आपल्या जबाबदारीवर नेतो म्हणून कागदावर अंगठा दिला आणि जीप करून बायकोला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत ती गेली.

डॉक्टरांनी आत एकालाच बोलावलं. संपत बाहेर बाकावर बसला.

"तुमच्या सुईनं मेली माझी बायको," हनुमंत उभ्यानंच म्हणाला.

साधनाबाईंनी त्याला बसायला लावलं. "सुईनं जंतू मरत होते, मामा. मेलेला जंतू फुटतो, त्याच्या सालीचे तुकडे रक्तात सुटतात. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, राखण करणाऱ्या. त्या तुकड्यांवरूनच जंतू ओळखतात. जिता का मेलेला, बघत नाहीत. ओळखलं की इशारा करतात, सगळं अंग पेटून उठतं. ताप, हुडहुडी त्याचीच."

हनुमंत खुर्चीत पुढं सरकला.

"लांडगा मारून टाकला तरी वासानं कुत्री भुंकत्यात. तसं का?"

"तसंच. आणि सगळीच उठली की कळप बिथरतो. तिचा रक्तदाब त्यानंच उतरत होता. म्हणून सलाईन पाहिजे होतं. आणि मागं राहिलेल्या जंतूंसाठी दुसरी सुई."

"मंजी ती थरथरली ते..."

"औषध लागू पडत होतं."

डॉक्टर पुढं काहीतरी बोलत होत्या. वाचलीच असती असं सांगता येत नाही, हुडहुडी भरेल हे आपण आधी सांगायला हवं होतं, ती चूक आपली. त्याला शब्द ऐकू येत होते, पण ते दुसऱ्याच कुणाला तरी सांगितल्यासारखे. गोधडीतून तोंड काढून गीताबाई म्हणाली होती, "ऱ्हाऊ आजची रात हितंच." त्यानं ऐकलं नव्हतं.

तो बाहेर आला. संपत उठला.

"काय म्हणली? कबूल झाली का न्हाई?"

"सुई बरोबर हुती."

"सोताला वाचवतीय ती, दाजी. चला, मी बघतो."

संपत दाराकडं निघाला. त्याला जाऊ दिलं असतं तर गावात कुणीच हनुमंताला काही विचारलं नसतं. त्यानं संपतचा दंड धरला.

"तिची काय चूक न्हाई. तुझी बहीण बरी व्हायला लागली हुती, संपत. मी उठवून नेली."

संपतनं दंड सोडवून घेतला आणि एकटाच स्टँडकडं चालायला लागला.