बाईंच्या मुठीची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. कारखान्यात तयार झाले तेव्हाच माझ्या बुडाशी एक बुडबुडा राहून गेला. त्यामुळे दुकानात मला कोणी हात लावीना. बाईंनी मात्र मला उचललं आणि घरापर्यंत मांडीवर घेऊन आल्या.

मित्रांनो, तीस वर्षं मी मिठातली लिंबं सांभाळली. बाई माप वापरत नसत. लिंबांच्या प्रत्येक थरावर मूठभर मीठ, की झालं. एकदा माझं झाकण फुटलं. त्यांचे यजमान सुतार, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी मला लाकडाचं झाकण करून दिलं. ते इतकं नेमकं बसलं की बाई म्हणाल्या, "अहो, आयुष्यात एक काम धड केलंत!"

मग बोटीवर नोकरी करणाऱ्या बाईंच्या भावाने घरी येताना टकीला या परदेशी दारूची बाटली आणली. मिस्त्रींनी घोटभर घेऊन तोंड वाकडं केलं.

"मिठाबरोबर घेतात हो ही," भाऊ म्हणाला.

"मग आधी सांगायचं ना! थांबा, मी सुधारते," बाई म्हणाल्या. मी तेव्हा रिकामीच होते. त्यांनी बाटली माझ्यात ओतली, मूठभर मीठ, लिंबाची सालं आणि दोन मिरच्या टाकल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली : 'चाळीस दिवसांनी उघडणे. आधी हात लावाल तर बघा.'

सव्विसाव्या दिवशी बाई गेल्या.

चाळिसावा दिवस आला आणि गेला. मिस्त्री रोज मला पुसत, चिठ्ठी वाचत आणि परत फळीवर ठेवत. मला वाटलं, आता मी कधीच उघडणार नाही.

आठ महिन्यांनी त्यांची मुलगी स्वयंपाकघर आवरायला आली.

"बाबा, हे ओतून टाकू?"

"हात लावू नकोस!" मिस्त्री ओरडले. ती दचकली. मग तिने चिठ्ठी वाचली.

"आईने उघडायला सांगितलंय, बाबा. जपून ठेवायला नाही."

मिस्त्रींनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी झाकणाला हात घातला. लाकूड फुगलं होतं, ते सुतारकामाच्या पटाशीने हळूहळू सोडवावं लागलं. घरात छोटे ग्लास नव्हते. खोकल्याच्या औषधाची मापाची दोन टोपणं होती, ती भरली. दोघांनी एकदम तोंडात ओतलं.

मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाबा! हे तर समुद्राचं पाणी!"

"मीठ बाहेरून चाटायचं असतं. तुझ्या आईने मूठभर आतच टाकलं," मिस्त्री म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता ते ओट्याला धरून रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "अजून एक टोपण दे."

पुढे दर रविवारी एकेक टोपण झालं. मी रिकामी झाले तेव्हा मिस्त्रींनी मला स्वतः धुतलं, उन्हात वाळवलं आणि लिंबं आणली. मिठाच्या डब्यात हात घालून ते थांबले. त्यांचा पंजा फार मोठा. त्यांनी मुलीला हाक मारली, "तू घाल."

मित्रांनो, बुडबुड्याची बरणी असूनही मला फार मिळालं, याबद्दल मी आभारी आहे. एवढंच सांगते : कोणी प्रेमाने काही करून ठेवलं असेल, तर ते वेळेवर उघडा. खारट निघालं तरी चालेल.

मुलीने मूठ सोडली. मीठ अगदी बाई घालत तेवढंच पडलं.