डोळ्याखालचा सुळा

मित्रांनो, मी एक जुना सुळा आहे. वरच्या जबड्यातला, उजव्या बाजूचा. सध्या सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, झाकणाच्या बाटलीत राहतो. माझं मूळ लांबलचक आहे, टोकाला खाच पडली आहे आणि रंग राखेसारखा झाला आहे. दवाखान्यात येणारी मुलं मला बघून नाक मुरडतात. खुशाल मुरडा. पण आधी माझी हकिगत ऐका. माझी चाळीस वर्षं मारामारीत गेली. मी मार दिला, मार खाल्ला आणि शेवटी ज्या तोंडाचं खाल्लं त्याच तोंडावर उठलो. त्याची मला लाज वाटते, म्हणूनच बोलायला बसलो आहे.

माझा जन्म मैंदर्गीचा. सोजर नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या जबड्यात, बरोबर डोळ्याखाली, मी वाढत होतो. माझ्या जागेवर आधीपासून एक दुधाचा सुळा ठाण मांडून बसला होता. मी काही त्याला हात जोडून जागा मागितली नाही. त्याचं मूळ वरून कुरतडत गेलो आणि एका सकाळी त्याला ढकलून पाडलं. सोजरनं रक्त थुंकलं, तिच्या आईनं तो दात घराच्या पत्र्यावर भिरकावला आणि मी हिरडी फाडून बाहेर आलो. त्याच महिन्यात डावीकडे माझा जुळा भाऊही आला. दाढा दळतात, पुढचे दात तुकडा पाडतात आणि आम्ही दोघं फाडतो. उसाची साल काढायची असो, नाहीतर पापडासारखी कडक भाकरी मोडायची असो, पहिला घाव आमचाच असायचा.

लग्न होऊन सोजरची सोजरबाई झाली आणि सोलापूरच्या भवानी पेठेत राहायला आली. टॉवेलच्या कारखान्यात ती काठाच्या शिलाईला बसू लागली. यंत्राला कात्री बांधलेली असायची, पण ती हाताशी येईपर्यंत मी दोरा तोडून मोकळा झालेला असायचो. दिवसाला शेकडो दोरे. वीस वर्षं एकाच जागी दोरा घासून माझ्या टोकाला खाच पडली. मला तिचा अभिमानच होता. पैलवानाला कुस्तीत चेपलेल्या कानाचा असतो ना, तसा.

पण त्या कारखान्यातच एक खोड लागली. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, हातानं चुरायची आणि ती पूड बोटानं दातांवर चोळायची. तिला मिश्री म्हणतात. बायका एकमेकींना डबी पुढं करायच्या आणि "दात घासले" म्हणायच्या. घासले कसले! आमच्या तोंडाला काळं फासलं. दिवसातून चार-पाच वेळा तो मारा व्हायचा. हिरड्या मागं सरकत गेल्या, मुळं उघडी पडली आणि आम्ही सगळे दात एकसारखे काळे झालो. हा काळेपणा पुढं किती महागात पडणार होता, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सोजरबाई माहेरी निघाली होती. एसटी लागली तशी गर्दी दारावर तुटून पडली आणि त्या रेटारेटीत कुणाचा तरी हात तिच्या गळ्यात पडला. मंगळसूत्राला हिसका बसला. सोजरबाईनं ते मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि कचकन चावा घेतला. मित्रांनो, काय सांगू! मी कातडी फोडून थेट हाडाला भिडलो. रक्त जिभेवर आलं. चोरानं दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर एक गुद्दा मारला. तिनं सोडलं नाही. दुसरा गुद्दा बरोबर माझ्यावर बसला, ओठ फाटला, मी मुळापासून हादरलो. तरी तिनं सोडलं नाही.

शेवटी कंडक्टर मधे पडला. "सोडा की मावशी! मरंल त्यो, सोडा!"

मंगळसूत्र वाचलं. चोराला लोकांनी धरून ठेवलं. सोजरबाई रक्तानं माखलेल्या पदरानं तोंड पुसत घरी आली, तर तिच्या आधी बातमी पोहोचली होती. शेजारची कमरबी धावत आली. "सोजरबाई, तुमचा दात हाय का कोयता?" असं तिनं विचारलं आणि सगळी गल्ली हसली. मग जो येईल त्याला सोजरबाई सुजलेला ओठ वर करून मला दाखवायची. माझी छाती फुगली होती. दाताला छाती नसते हे मला ठाऊक आहे, तरी फुगली होती.

पण त्याच लढाईत माझा घात झाला होता. दात म्हणजे नुसता दगड नव्हे. आमच्या पोटात मऊ नस असते, तिला मुळाच्या टोकातून रक्त मिळतं. त्या दुसऱ्या गुद्द्यानं माझा तो धागाच तुटला. दोन दिवस मी ठणकलो आणि मग गप्प झालो. आत नस मेली होती.

सोजरबाईची सून रेश्मा तेव्हा नवीन होती, पण डोळस होती. ती म्हणाली, "आत्या, दाताला मार बसलाय. डाक्टरला दावून या की."

"दुखत न्हाय तर काय दावायचं? उगं काय तरी!" सोजरबाई म्हणाली.

मार लागलेल्या दाताची नस मेली की दात राखाडी पडतो. पांढऱ्या दातांमध्ये असा दात चटकन नजरेत भरतो आणि माणूस वेळेवर दवाखाना गाठतो. आमच्याकडे सगळेच काळे. त्या काळ्यात माझा राखाडी रंग कुणाला दिसणार? तेव्हा डॉक्टरनं आतली मेलेली नस काढून मला साफ केलं असतं, तर आज मी बाटलीत नसतो. नस सडत गेली. मुळाच्या टोकाशी पू साठू लागला. अधूनमधून हिरडीवर फोड यायचा. सोजरबाई पोलक्याला टोचून ठेवलेली शिलाईची सुई काढायची, आरशासमोर उभी राहून तो फोड फोडायची आणि वरून मिश्री दाबायची. हिरडी बधिर व्हायची. "झालं बरं," असं म्हणून ती कामाला लागायची. अशी आठ वर्षं गेली.

यंदाच्या उन्हाळ्यात माझा संयम सुटला. पुवाला खालून वाट मिळेना, तेव्हा तो हाड फोडून गालात घुसला. गाल सुजला, नाकाशेजारची घडी पुसली गेली. मी असा ठणकत होतो की सोजरबाई भिंतीवर डोकं आपटायची. रेश्मा रोज म्हणायची, "दात काढून टाकू." सोजरबाई तिच्यावर वसकन ओरडायची.

त्यालाही कारण होतं. मैंदर्गीला तिच्या माहेराशेजारी गुरुबसप्पा राहायचे. सोजरबाई लहान असताना त्यांनी वरचा सुळा काढून घेतला आणि त्यांचा डोळा गेला. सगळ्या गावानं ते पाहिलं होतं. "वरचा दात उपटला की डोळ्याची शीर तुटती," हे तिथं लहान पोरांनाही पाठ होतं. आणि सोजरबाईचं पोट डोळ्यांवर होतं. ती रेश्माला म्हणाली, "दात दुखून मानूस मरत न्हाय. डोळा गेला तर सुईत दोरा कोन ओवील? तू?"

दात ठेवायचा आणि डोळा वाचवायचा, असं तिनं ठरवलं. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून ती गालाला शेक देऊ लागली. औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणून गिळल्या. शेकानं पू आणखी खवळला आणि वर चढला. चौथ्या दिवशी सकाळी उजवी पापणी सुजून मिटली. ताप होता, हुडहुडी भरली होती, तरी ती एका डोळ्यानं कामावर गेली. यंत्र सुरू केलं. एका डोळ्याला अंतर कळत नाही. सुई खाडकन तिच्या बोटात गेली, नखातून आरपार. पांढऱ्या टॉवेलवर रक्त पसरलं.

मी तिच्या तोंडात होतो, म्हणून तिची किंकाळी माझ्यावरूनच बाहेर पडली. ती मला अजून ऐकू येते.

यंत्र बंद करून लोकांनी सुई काढली. रेश्माला निरोप गेला. ती आली, तिनं बोटाला चिंधी बांधली आणि सासूचा दंड धरून तिला सरळ रिक्षात कोंबलं. "आता तुमचं न्हाय ऐकणार आत्या. शिव्या द्यायच्या तर द्या."

सात रस्त्याजवळच्या या दवाखान्यात डॉक्टर झीनत होत्या. वयानं रेश्माएवढ्याच. त्यांनी सुजलेली पापणी दोन बोटांनी हळूच उघडली. "मावशी, माझी बोटं दिसतात का? किती?"

"तीन."

"म्हणजे डोळा अजून शाबूत आहे. पण हा पू वर सरकतोय. डोळ्याला लागला तर डोळा, डोक्यात गेला तर जीव. दात आज आत्ताच काढायचा आणि इथून थेट मोठ्या दवाखान्यात भरती व्हायचं."

सोजरबाईनं हात जोडले. "पाया पडते बाई, दात काढू नका. आमच्या गुरुबसप्पांचा डोळा ह्यानंच गेला."

झीनतबाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून जवळ बसल्या. "मावशी, ते दात काढायला गेले तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं?"

"भोपळ्यागत सुजलं हुतं."

"किती दिवसांपासून?"

"असत्याल धा-बारा दिवस. तेबी भीतच हुते की."

"मग डोळा कुणी घेतला, मावशी? दात काढणाऱ्यानं, का त्या बारा दिवसांनी?"

सोजरबाईनं सुजलेला गाल चाचपला. बोटाची चिंधी रक्तानं भिजत होती. मग तिनं रेश्माचा हात घट्ट धरला आणि तोंड उघडलं.

मित्रांनो, शहाण्यानं तेव्हा गुमान बाहेर यावं. पण मी हाडाचा भांडखोर. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि चिमट्यानं माझी मान धरली, तसा मी डोळ्याखाली पाय रोवून बसलो. त्यांनी डावीकडे पिळलं, मी उजवीकडे ओढलं. जबड्याचं हाड करकरलं. सोजरबाईचे पाय खुर्चीवर ताठ झाले, रेश्माच्या मनगटावर नखं उमटली. झीनतबाईंच्या कपाळावरचा घाम मास्कवर उतरला. चाळीस वर्षं धरून ठेवलेली जागा मी सहज कशी सोडू? शेवटी त्यांनी असा एक पीळ दिला की माझं मूळ सुटलं. माझ्या मागोमाग पू आणि काळं रक्त भळभळा बाहेर पडलं.

टणकन आवाज करत मी पत्र्याच्या तबकात पडलो. तिथून वर पाहिलं. एवढी वर्षं सोजरबाईच्या तोंडात राहून मी तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहत होतो. अर्धा चेहरा टरटरून सुजलेला. एक डोळा मिटलेला. ज्या बाईनं मला मिरवलं, तिची मी ही दशा केली होती. चोराला चावून तिचं मंगळसूत्र वाचवणारा मीच आणि आठ वर्षं तिच्याच रक्तात विष सोडणाराही मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. पाच दिवस सलाईन चालू होतं. मी बाटलीत पडून रोज दाराकडे बघत होतो. आठवड्यानं दार उघडलं आणि ती रेश्माच्या मागून आत आली. सूज उतरली होती. डोळा लाल होता, पण उघडा होता. झीनतबाई तपासायला पुढं आल्या, तर सोजरबाईनं त्यांना थांबवलं. पोलक्याची सुई काढली, दोरा जिभेवर ओला केला, डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्यानं नेम धरला. दोरा पहिल्याच झटक्यात सुईतून पार झाला. ती खुर्चीत बसून रडली आणि रडता रडता रेश्माला म्हणाली, "आगं, दिसतंय की!"

मिश्री मात्र लगेच सुटली नाही. खालच्या ओठाच्या आत एक पांढुरका चट्टा सापडला होता. तो कॅन्सरच्या वाटेला लागू शकतो, असं झीनतबाईंनी स्पष्ट सांगितलं. तरी सोजरबाईनं दोनदा चोरून डबी उघडली. तिसऱ्यांदा रेश्मानं ती डबी अंगणातल्या दगडावर ठेचली. घरात दोन दिवस अबोला होता. आता दोघी सकाळी आणि झोपण्याआधी ब्रश हातात घेऊन एकाच नळावर उभ्या असतात. चट्ट्याची तपासणी अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात सोजरबाई त्याच तपासणीला आली होती. बाकावर कोंडीबा नावाचे एक गृहस्थ गालाला रुमाल बांधून बसले होते. वरची दाढ, सुजलेला गाल आणि तेच रडगाणं. "काढायची न्हाय बाई. डोळा जातो. नुसती गोळी द्या."

झीनतबाईंनी समजावलं, माझी बाटली दाखवली. कोंडीबा ऐकेनात. उठून दारापर्यंत गेले. तेव्हा सोजरबाईनं दारात त्यांची वाट अडवून ओठ वर केला आणि माझी रिकामी जागा दाखवली. मग डावा डोळा मिटून सुईत दोरा ओवला आणि ती सुई त्यांच्या नाकासमोर धरली.

"बगा दादा. सुळा गेला. डोळा गेला का?"

कोंडीबा एकदा सुईकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमाल सोडला आणि खुर्चीवर जाऊन बसले.

मित्रांनो, माझा जुळा भाऊ अजून सोजरबाईच्या तोंडात आहे. ती हसली की डावीकडे दिसतो. झीनतबाईंनी काळा थर काढल्यापासून चांगला उजळला आहे. त्याला बघून मला हेवा वाटतो आणि बरंही वाटतं. तुमच्याही डोळ्याखाली माझ्यासारखाच एक सुळा बसला असेल किंवा यायच्या बेतात असेल. त्याला दोन वेळा नीट घासा. खेळताना, पडताना दाताला मार बसला तर दुखणं थांबलं म्हणून खूश होऊ नका, त्याच दिवशी दाखवून या. सूज आली तर शेकू नका, सुईनं टोचू नका. आणि तुमच्या घरात कुणाच्या हाती काळ्या पुडीची डबी असेल, तर तिच्याशी भांडा. अबोला झाला तरी चालेल. रेश्मा भांडली, म्हणून आज सोजरबाई दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघते आहे.