काच उजळेपर्यंत

उन्हात काळी होणारी काच माझ्याकडून नेली आणि आठ दिवसांत तक्रार घेऊन दारात उभा राहिला नाही, असा माणूस विरळाच. "घरात आलो तरी काळीच राहते हो!" अहो, राहणारच! काच आहे ती, दिव्याचं बटण नाही. काळी व्हायला अर्धं मिनिट लागतं आणि उजळायला चार-पाच मिनिटं. थंडीत त्याहून जास्त. हे सगळं मी विकतानाच घसा फोडून सांगतो, लोक मान डोलवतात आणि घरी जाऊन विसरतात. सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढल्यावर माणसाचा जसा स्वभाव होतो, तसा माझा झालाय.

खरं सांगायचं तर आधीपासूनच तसा होता. पाच वर्षांचा असल्यापासून मी कुरकुर करतोय, म्हणून ताई मला 'आजोबा' म्हणते. आता पन्नाशी आली, डोक्यावरचं रान साफ झालं, तरी भर बाजारात हाक मारते, "आजोबा, थांब जरा!" लोक वळून बघतात. तिला त्याची भारी मजा वाटते.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एक म्हातारा पदरात आहे, आणखी दुसरा कशाला?" एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून ती रफू करते. चांगल्या कोटाला कसर लागून भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे आणि भोकावर उभे-आडवे विणायचे. असे, की ज्याचा कोट त्यालाही जागा सापडू नये. तसली भोकं बुजवून बुजवून तिनं मला चष्म्याचं शिक्षण दिलं.

म्हणून या नव्या काचा आल्या तेव्हा पहिली जोडी मी तिच्याच नाकावर चढवली. उन्हात काळ्या होणाऱ्या आणि वर पोलराइज्ड, म्हणजे रस्त्यावरची, गाड्यांच्या टपांवरची चमक मारणाऱ्या. दुकानात एक चाचणीचं चित्र आहे. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर करडा कागद, पण काळ्या झालेल्या काचेतून बघितलं की त्यात मासा दिसतो. ताईला मासा दिसला तेव्हा तिनं टाळीच वाजवली. "अगंबाई! आजोबा, हा कुठं लपून बसला होता रे?"

वर्षभर छान गेलं. मग एक दिवस म्हणाली, "ही काच उजळायला फार वेळ घेते रे."

गिऱ्हाइकाला देतो तेच भाषण मी तिला दिलं. आमचा जिना भर दुपारीही काळोखा, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, "उन्हातून आलीस की लगेच चढू नकोस. खाली पत्रपेट्यांपाशी थांब, तीनशे आकडे मोज, मग ये." ती तशी थांबायला लागली. शेजारच्या काकू चिडवायच्या, "काय हो, रोज कुणाच्या पत्राची वाट बघता?" ताई म्हणायची, "या वयात आलं तर कुणाचं का असेना, चालेल!"

काही महिन्यांनी म्हणाली, तीनशे पुरत नाहीत.

मी काच दुकानात नेली. आमच्याकडे एक छोटी जांभळ्या उजेडाची टॉर्च असते, तिचा झोत मारला की काच काळी होते. काळी केली, घड्याळ लावलं. चार मिनिटांत स्वच्छ. ताईला समोर बसवून पुन्हा करून दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या हातात उजळते रे मेली. माझ्या नाकावर आली की रुसते." तरी मी काच बदलून दिली. म्हटलं, असेल एखादी खराब.

मग मोबाईलची तक्रार आली. रस्त्यात बघताना अर्धा आकडा दिसतच नाही म्हणे. मला हसू आलं. "ताई, पोलराइज्ड काचेतून मोबाईल तसाच काळा दिसतो. मान जरा वाकडी कर, दिसेल." ती मान वाकडी करून बघायला लागली. मग चालतानाही तिची मान वाकडीच असायची, पण सवय लागली असेल, असं मला वाटलं. पुढे उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. मी म्हटलं, फ्रेमची दांडी जाड आहे, बाजूचं झाकलं जातं. बारीक तारेची फ्रेम करून दिली. जेवताना ताटाशेजारचा पाण्याचा पेला तिच्या हातून लवंडला, दोनदा, तीनदा. ती स्वतःच म्हणायची, "काच अजून काळी आहे वाटतं." आणि मी म्हणायचो, "असेल."

बायको एकदा म्हणाली, "अहो, ताईंना डॉक्टरांना दाखवू या का?"

मी खेकसलो. "घरात चष्मेवाला बसलाय तो काय भजन करायला?" दुसऱ्या दिवशी ताईला दुकानात तक्त्यासमोर बसवलं. तिनं वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी घडाघडा वाचल्या, आणि तळाशी तक्ता छापणाऱ्याचं मुंगीएवढं नाव असतं, तेही वाचलं. सुईत दोरा तर ती तेव्हाही एका झटक्यात ओवायची. मी घरी येऊन बायकोला ऐकवलं, "डोळे ठणठणीत आहेत. दोष काचेचाच आहे." काच पुरवणाऱ्या माणसाशी कडाकडा भांडलो आणि तिसरी जोडी वसूल केली.

ज्या तक्त्यासमोर तिला बसवलं, त्याच्या शेजारीच माझी पाटी आहे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून डोळ्यांचा दाब तपासून घ्या. पिवळ्यावर काळी अक्षरं, मीच रंगवून घेतली. येणाऱ्या प्रत्येकाला मी ती बोटानं दाखवतो. नजर बारीक असली तरी आतून डोळा जाऊ शकतो, समजलं का, म्हणून दटावतो. ताईला कधी दाखवली नाही. ती गिऱ्हाईक नव्हती ना.

गेल्या महिन्यात एका माणसाला मी हीच काच विकत होतो. अगदी होकारावर आला होता. तेवढ्यात ताई दारात. "आजोबा, ही पण तशीच रे. उजळतच नाही."

तो माणूस म्हणाला, "मग मला साधीच द्या."

मला असा राग आला म्हणून सांगू! ती गेल्यावर मी ठरवलं, हिला एकदा दाखवूनच देतो. तिच्या नंबरची साधी काच घेतली. काळी होत नाही, काही नाही, नुसती पांढरी स्वच्छ काच. यंत्रावर घासून तिच्या फ्रेमच्या मापाची केली आणि सकाळी निघताना तिच्या हातात चष्मा ठेवला. "घे. सगळ्यात नवी. एका मिनिटात उजळते." रात्री जेवताना सांगायचं होतं, अगं वेडाबाई, ती काळी झालीच नव्हती, सगळे तुझ्या मनाचे खेळ! बायकोला आधीच सांगून ठेवलं. ती हसली नाही.

ताई चारला सुटते. मी दुकान लवकर बंद करून पत्रपेट्यांच्या बाजूला भिंतीशी उभा राहिलो, पोरासारखा. मजा बघायला.

ती बाहेरच्या उन्हातून आत आली. हात पुढे करून पत्रपेटी चाचपली, तिच्यावर तळवा टेकवला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. मी तिच्यापासून तीन हातांवर होतो. काच पांढरी होती, त्यामुळे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला उन्हातून आलेल्या ताईचे डोळे दिसले. उघडे होते, टक्क उघडे. इकडून तिकडे फिरत होते. माझ्यावरूनही फिरले, आणि पुढे गेले.

मला वाटलं, आत्ता ओळखेल. आत्ता म्हणेल, आजोबा, इथं काय करतोस? पण ती मोजत राहिली. एकशे बारा. एकशे तेरा. हाक मारायची सोडून मीही मनात तिच्याबरोबर आकडे मोजायला लागलो. तीनशे झाले. ती थांबली, डोळे मिचकावले, समोर बघितलं.

आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.

"ताई," मी म्हटलं.

ती दचकली. "अगंबाई, कधी आलास रे? बघ ना, बाहेर कसं लख्ख दिसत होतं. आत आले आणि मेली पुन्हा काळी पडली." मग माझा चेहरा पडला असेल असं वाटून की काय, घाईघाईनं म्हणाली, "पण आधीच्यापेक्षा बरी आहे हं ही. बरीच बरी."

त्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. तिथं एक यंत्र असतं. पांढऱ्या वाडग्यासारख्या भांड्यात बघायचं, आत ठिपके लुकलुकतात, दिसला ठिपका की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभा राहून पडद्यावर बघत होतो. ठिपका वर लागला, खाली लागला, डावीकडे लागला. ताईचा अंगठा बटणावर तसाच. ती शहाण्या मुलीसारखी वाट बघत होती. अगदी मधे लागला तेव्हा तिनं पटकन दाबलं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. नळीतून बघावं तेवढंच मधलं उरलंय, आणि उन्हातून अंधारात आलं की तेही काळवंडतं, डॉक्टर बाई म्हणाल्या. गेलं ते येणार नाही. उरलंय ते थेंबांनी टिकलं तर टिकलं, खात्री देता येत नाही.

"त्रास कधीपासून आहे?"

"झाली की अडीच वर्षं," ताई म्हणाली.

"मग दाखवलं नाहीत कुणाला?"

"आमच्या लाँड्रीच्या मालकीणबाई त्यांच्या आईला तुमच्याचकडे आणायच्या. दोन वर्षांपूर्वी मलाही म्हणाल्या, चल गं बरोबर. मी म्हटलं, मला काय गरज? माझा भाऊच चष्मेवाला आहे."

हे तिनं कौतुकानं सांगितलं. देवाशपथ, कौतुकानं. डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही चष्मेवाले?" मी हो म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर..." एवढं बोलून त्या थांबल्या आणि कागदावर थेंबांची नावं लिहायला लागल्या. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना ताई माझा दंड धरून चालत होती. ऊन रणरणत होतं. जिन्याशी आलो, आणि सवयीनं तिचा हात पत्रपेटीकडे गेला. "एक, दोन..."

"ताई, मोजू नकोस."

"का रे?"

"ही काच काळी होतच नाही. साधी आहे. मीच बसवली. तुला खोटं पाडायला."

तिनं पेटीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशीही साधीच होती?"

"हो."

"आणि तू तेव्हाच आला होतास ना? मी दुसऱ्यांदा मोजत होते तेव्हा?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही. आधीपासून इथंच होतो. तुझ्या शेजारी."

तिचा चेहरा माझ्याकडे वळला, पण जरा चुकीच्या जागी, माझ्या खांद्याच्या पलीकडे. "मला वाटायचं, तुझ्या काचा खराब निघतात म्हणून तुला वाईट वाटत असेल," ती म्हणाली. "म्हणून बऱ्याचदा मी बोलायचीच नाही." तिनं चष्मा काढला, हवेतच पुढे धरला. मी हात नेऊन घेतला. "मग आता हा कशाला?" असं म्हणून तिनं कठडा शोधला आणि चढायला लागली. मला आजोबा म्हणाली नाही.

मी तिच्यामागून जायला हवं होतं. पण मी तिथंच भिंतीला टेकून रडत उभा राहिलो, आणि सव्वीस वर्षांची सवय, हातानं आपलं काम सुरू केलं. सदऱ्याच्या टोकानं काच पुसली, उलटसुलट केली, दाराच्या उजेडात धरली. वरून ताईचा आवाज येत होता. ती पायऱ्या मोजत होती. काच अगदी स्वच्छ होती. एक ओरखडासुद्धा नव्हता.