पाव फेरा

तीस वर्षं मी व्हॉल्व्ह फिरवतोय. मीटरच्या आधी माझ्या हाताला कळतं, असं मी सगळ्यांना ऐकवत आलो आणि सगळे निमूट ऐकत आले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते याच माजापायी झालं.

आमच्याकडे अ‍ॅसिड आणि अल्कोहोलपासून रंगात घालायचं सॉल्व्हंट बनतं. जुनी रीत अशी, की आधी एका मोठ्या भांड्यात रिअ‍ॅक्शन करायची आणि मग तो सगळा काला ओळीने पाच कॉलममध्ये, म्हणजे उंच उभ्या नळकांड्यांमध्ये, उकळून वेगळा करत बसायचा. डिझाइनच्या बाईंनी या सगळ्याच्या जागी एकच कॉलम काढला. मधल्या भागात सॉल्व्हंट तयार होणार आणि तयार झाल्या झाल्या वाफ होऊन वर निघून जाणार. "पाहुणा घरात रेंगाळला की कामं अडतात," त्या म्हणाल्या होत्या, "तसं सॉल्व्हंट आत रेंगाळलं की रिअ‍ॅक्शन अडते." मोठे साहेब तेव्हा हसले होते. ते पाच कॉलम त्यांनीच उभे केले होते, त्यांना हे कसं रुचावं?

पण बाई हट्टाला पेटल्या आणि तीन चाचण्यांची परवानगी घेऊनच थांबल्या. दोन फसल्या. तिसरी फसली तर कॉलम कापून भंगारात आणि बाई दुसऱ्या खात्यात. साहेबांनी गॅसकटरवाल्याला सकाळीच बोलावून ठेवलं होतं. तो फाटकापाशी सिलिंडरला टेकून बसला होता.

दुपारी एकला लॅबमधून आकडा आला. शुद्धता शहाण्णववरून ब्याण्णववर. मागच्या दोन्ही खेपेला ती याच सुमाराला घसरायला लागली होती.

"रिफ्लक्स वाढवा," साहेब म्हणाले. वर थंड करून जमवलेल्या मालातला जो भाग परत कॉलममध्ये सोडतात, तो रिफ्लक्स. तो वाढवला की माल शुद्ध निघतो, हे आमच्याकडे कुणीही झोपेत सांगेल.

"कमी करा," बाई म्हणाल्या.

"बाई, आम्हाला उलटं शिकवू नका."

"या कॉलममध्ये उलटंच आहे, साहेब. परत जास्त सोडलं की अ‍ॅसिड एकीकडे जातं आणि अल्कोहोल दुसरीकडे. भेटच झाली नाही तर संसार कसला?"

माझा हात एव्हाना रिफ्लक्सच्या व्हॉल्व्हच्या चाकावर गेला होता, उघडायच्या दिशेने. साहेबांनी सांगितलं म्हणून नाही, आपसूक. आणि तेव्हा मला उमगलं. मागच्या दोन्ही वेळा हाच हात असाच गेला होता. पाव फेरा. बाईंनी बजावलं होतं, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. पण कालची पोर मला काय शिकवणार! तिचं भलं करतोय अशा थाटात मी दोन्ही वेळा पाव फेरा उघडला होता आणि रजिस्टरमध्ये मात्र तिनेच ठरवून दिलेला आकडा लिहिला. पाव फेरा कोण लिहितं? शुद्धता आणखी ढासळली तेव्हा मीच म्हणालो होतो, डिझाइनमध्येच खोट आहे. आणि ही बाई दोन महिने स्वतःचं गणित तपासत बसली.

लाज वाटली. मग त्या लाजेचा राग आला.

मी व्हॉल्व्ह अर्धा फेरा बंद केला. खिशातला पाना काढून चाकाचा नट सोडवला आणि चाक उपसून काखेत मारलं. कॉलम बंद करायचं लाल बटण वेगळं असतं, ते जागच्या जागी होतं.

"हा काय प्रकार आहे?" साहेब ओरडले. "चाक लावा आधी!"

"नाही लावणार."

"चार महिन्यांनी निवृत्त होताय, लक्षात आहे ना?"

"चार दिवसांत करा. पण आज हे चाक कुणालाही मिळणार नाही. तुम्हालाही नाही आणि माझ्या या हातालाही नाही. मागच्या दोन चाचण्या डिझाइनने नाही बुडवल्या, साहेब. मी बुडवल्या."

सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि मीटरवर नजर लावली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीनला पंचाण्णव आला. चारला अठ्ठ्याण्णव. पाचला नव्व्याण्णव आला तेव्हा फाटकावरचा माणूस सिलिंडर ढकलत निघून गेला.

बाईंनी रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. "दोन महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते, काका. लिहा."

मी दोन्ही चाचण्यांच्या पानांवर लिहिलं, 'रिफ्लक्स मी वाढवला. विचारलं नाही, नोंदवलं नाही.' खाली सही ठोकली.

"ही नोंद राहिली तर तुमचं काय होईल कळतंय ना?" साहेबांनी विचारलं.

"कळतंय. म्हणूनच पेनाने लिहिलीय."

चाक मी टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उचललं, क्षणभर हातात तोललं आणि माझ्याच हातात परत दिलं.

"माफीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "उद्या सातला कॉलम तुम्हीच चालू करायचा. आणि पाव फेरा फिरवलात, तरी लिहायचा."