अन्नपूर्णा मयत

चावडीच्या भिंतीवर मतदारांची कच्ची यादी चिकटवली होती आणि तिच्यावर कुणीतरी पानाची पिचकारी मारली होती. मी दिवाळीच्या सुटीत वर्ध्याहून गावी आले होते. वर्ध्याला मी आत्याकडे राहून नववीत शिकते आणि गेल्या सव्वीस जानेवारीला ‘नागरिकांचे हक्क’ या विषयावर बोलून मी पहिला नंबर काढला, त्यामुळे भिंतीवर सरकारी कागद दिसला की तो वाचल्याशिवाय माझा पाय निघत नाही. कडुनिंबाचा पाला घेतला, नाक दाबून ती पिचकारी पुसली. खालून अक्षरं निघाली: २१४, अन्नपूर्णा, नवरा भैयाजी. त्यावर लाल शाईची रेघ, बाजूला शब्द ‘मयत’.

भैयाजी माझे बाबा. अन्नपूर्णा माझी माय. आणि त्या मयत बाईने सकाळीच मला खसाखसा घासून न्हाऊ घातलं होतं.

घरी धावत गेले. बाबा खाटेवर सुपारी कातरत होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, माहीत आहे. उन्हाळ्यात पटवारी चावडीवर जुनी यादी वाचत होता आणि कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं ते कोतवाल लहानू सांगत होता. अन्नपूर्णेचं नाव आलं तसा लहानू म्हणाला, ते तर बाळंतपणात मेली, मीच लाकडं नेलती. पटवाऱ्याने रेघ ओढली. बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर बसले होते.

“मंग तुमी बोलले काऊन नाई?” मी विचारलं.

“लहानू खोटं थोडीच सांगत होता? मेली तर होती ना ते.”

मला वाटलं चेष्टा करून राह्यले. तर चुलीपासून मायच बोलली, आणि जे तिने सांगितलं ते पंधरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

मायच्या आधी बाबांना एक बायको होती. अन्नपूर्णा तिचं नाव. ती गेली आणि चौथ्या महिन्यात माय या घरात आली. लग्नात सुनेला नवं नाव देतात, ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहितात, तसं लिहायची वेळ आली तेव्हा आजी म्हणाली, नवं नाव कशाले पाह्यजे? घरच्या साऱ्या भांड्यांवर ‘सौ. अन्नपूर्णा’ कोरलेलं होतं. भांडी बदलायला नकोत, म्हणून बाईच तीच ठेवली. वर्षभरात मी झाले आणि माय साऱ्यांसाठी ‘कमलेची माय’ झाली. ते उसनं नाव कुणाच्या तोंडात आलंच नाही, मग लहानूला तरी काय माहीत? तो खोटं बोललाच नव्हता.

मायचं खरं नाव मनकर्णा.

आमच्या घरी पाण्याचा पितळी गडू आहे. त्याच्यावरची अक्षरं बोटाने गिरवत मी वाचायला शिकले. अ, मग न, त्याला खाली लटकलेला दुसरा न. मायचं नाव म्हणून मी त्या अक्षरांचे पापे घेतले आहेत. मेलेल्या बाईचं लुगडं सुद्धा लोक वाटून टाकतात. इथे तिचं नाव दुसरीच्या अंगावर चढवलं आणि भांडी वाचली म्हणून खूष.

मागच्या, म्हणजे देशातल्या पहिल्याच निवडणुकीला मायचं नाव यादीत होतं. बाबा म्हणाले होते, मत द्यायला जायच्या बैलबंडीत जागा नाही. मी मायला विचारलं, तुले मत द्यायचं आहे का? तिने हातातली भाकर तव्यावर टाकली.

“मले एकडाव पेटीत चिठ्ठी टाकून पाह्याची हाये,” ती म्हणाली. “तवा नाव होतं त नेलं नाई. आता तू नेतो म्हनशीन त नाव नाई.”

सोमवारी तहसिलीचा कारकून हरकती ऐकायला येणार होता. ज्याचं नाव राहिलं त्याने स्वतः येऊन सांगायचं. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, ठळक अक्षरांत. बाबा म्हणाले, मी जाऊन सांगतो, बाईमाणूस चावडीवर चढत नाही. मी त्यांना भाषणातलं सारं ऐकवलं: एकवीस वर्षांचा प्रत्येक नागरिक, बाई असो की माणूस, एक मत, कुणी कुणाच्या वतीने नाही. त्यावर ते म्हणाले, “तुह्या पुस्तकाले सांग, सोमवारी आमच्या घरी येऊन सैपाक करजो.” आणि स्वतःच हसले.

आमच्या गावात बाया चावडीमागच्या बोळीतून जातात. तिथे सारं गाव धार मारतं, तरी बायांनी तिथूनच जायचं, कारण समोर माणसं बसलेली असतात. सोमवारी माय समोरून गेली. मी तिच्यासोबत होते. पायरीवर चार जण पाय पसरून बसले होते, एकाने सुद्धा पाय आखडले नाहीत. माय एकेका पायाला वळसा घालत वर चढली.

कारकुनाने नाव विचारलं. माय बोलायच्या आधी माणसांत येऊन बसलेले बाबाच म्हणाले, अन्नपूर्णा लिवा.

“ती मेली म्हणून नोंद आहे,” कारकून म्हणाला. “मेलेली बाई मी जिवंत कशी करू? या बाईचं नाव सांगा.”

“मनकर्णा,” माय म्हणाली.

लोडाला टेकून रूपरावजी बसले होते. त्यांची शंभर एकर जमीन आहे, त्यामुळे चावडीवर लोड त्यांनाच. ते म्हणाले, “काय भैयाजी, घरात दोन दोन ठेवल्या, अन् आमाले मालूम नाई?” सारे हसले.

कारकुनाने पुढचं विचारलं, नवऱ्याचं नाव. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला, अर्जदाराने सांगायचं. मायने मान खाली घातली. सोळा वर्षांत तिने बाबांचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडे घेतच नाहीत, घेतलं तर लग्नाकार्यात, तेही उखाण्यात गुंडाळून.

“घ्या वयनी, उखाना घ्या,” रूपरावजी म्हणाले. “आमी बी ऐकतो.”

मांड्यांवर थापा पडल्या. कुणीतरी खोकत खोकत हसलं आणि मायच्या पायाजवळच थुंकलं. आणि बाबा हसले. साऱ्यांच्या सोबत, लाल दात काढून, आपल्याच बायकोवर. रूपरावजींची मला चीड आली, पण शिसारी आली ती बाबांची. ते लाल दात अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मायने मान वर केली.

“भैयाजी,” ती म्हणाली. दुकानात मीठ मागावं तसं. पुढे नाही, मागे नाही, यमक नाही.

हसणं तिथल्या तिथे तुटलं. कारकुनाने लिहून घेतलं, मायचा अंगठा उमटवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्याच दिवशी दिवेलागणीला बाबा जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि जन्मात कधी मारली नव्हती ती हाक मारली.

“अन्नपूर्णे, पानी आन.”

माय चुलीत फुंकर घालत होती. तिने वळून पाहिलं नाही. बाबांनी पुन्हा हाक मारली, आता मोठ्याने. माय माझ्याकडे पाहून बोलली.

“कमे, सांग त्याइले. अन्नपूर्णा मयत हाये. सरकारच्या यादीत लिवलं हाये, तू वाचलं ना?”

मी मुद्दाम बसून राहिले. बाबा उष्ट्या हाताने उठले, तोच गडू उचलला आणि घटाघटा प्याले. मिशीतून पाणी गळत होतं. मग माझ्याकडे वाकून, मायला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, “हे मनकर्णा म्हंजे तिचं माहेरचं नाव का?”

सोळा वर्षं.

गडव्यावरच्या अक्षरांवर त्यांच्या बोटांचं वरण लागलं होतं. त्या गडव्याने मी आता पाणी पीत नाही.