मोराच्या जागी भाषण

मी सुरतेच्या डिंडोलीतल्या एका साडी-डिझाइनच्या गाळ्यातला कॉम्प्युटर बोलतोय. गाळ्यात मी, एक पंखा, डिझाइन काढणारी सुषमा आणि मालक भूपेंद्रभाऊ. भाऊ मूळचे शहाद्याकडचे. सुरतेत वीस वर्षं काढल्यावर ते मंडळाचे अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून काम करणं त्यांना शोभेनासं झालं.

माझ्या पोटात जवळजवळ पाचशे जीबी मावतात. सुषमाने तीन वर्षांत काढलेल्या साड्या मिळून त्यातले जेमतेम अकरा. तरी गेल्या महिन्यात माझी भरलेली जागा दाखवणारी पट्टी लाल झाली आणि भाऊंनी गुन्हेगार लगेच ओळखला.

"तुझ्या फुलापानांनीच भरलाय हा."

"नाही हो भाऊ. बाकीची जागा कुठे गेली ते शोधू द्या मला."

"शोधायला वेळ कुणाला आहे?" असं म्हणून भाऊ फोनवर आलेला नाचऱ्या बाळाचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी सुषमा यायच्या आधीच त्यांनी तिचा 'जुनी डिझाइन' फोल्डर उडवला, तोही कचरापेटीत न टाकता, कायमचा. मग समाधानाने फोन मला जोडून चार्जिंगला लावला.

मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो. भाऊंच्या फोनवाल्याने माझ्यात एक प्रोग्राम घालून ठेवला होता. फोन जोडला की अख्खा फोन माझ्यात उतरायचा, दर वेळी नव्याने, एका लपलेल्या फोल्डरमध्ये. दुपारपर्यंत पट्टी पुन्हा लाल!

तेवढ्यात बारडोलीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. गेल्या वर्षीची मोराच्या पदराची साडी त्याला पुन्हा हवी होती. सुषमाने फोल्डर शोधला. मग भाऊंकडे पाहिलं.

"जुनीच होती ना ती?" भाऊ म्हणाले.

मग माझ्यासमोर बसून सुषमाने एकेक फोल्डर किती जागा खातो ते कागदावर मांडलं. बेरीज जेमतेम साठ. मी तर चारशे साठ भरल्याचं दाखवत होतो. तिने लपलेले फोल्डर दाखवायचा पर्याय चालू केला आणि भाऊंचा सगळा ऐवज उघड्यावर आला. गुलाबाच्या फुलांवर शुभ प्रभात, हजारोंनी. पाणपोईच्या उद्घाटनाचं भाषण, तेच ते, तेवीस वेळा.

"हाई मनं नही!" हे माझं नाही म्हणे. घाबरले की भाऊ अहिराणीवर येतात.

"भाऊ, आवाज तुमनाच शे."

तिने एक भाषण ठेवून बाकी सगळं काढलं. जवळजवळ चारशे जीबी मोकळे झाले. मग पुसलेलं परत आणणारा प्रोग्राम चालवला. मोर आला, पण अर्धाच. पिसाऱ्याच्या जागी नुसत्या करड्या रेघा. फोल्डर उडवून मोकळ्या झालेल्या जागेत सकाळीच भाऊंचं भाषण येऊन बसलं होतं ना!

चार दिवस मान मोडून तिने पिसारा पुन्हा काढला. साड्या वेळेवर गेल्या. व्यापाऱ्याने कौतुक केलं, तेव्हा भाऊ फोनवर म्हणाले, "अहो शेठ, आमच्याकडे सगळं जपून ठेवलेलं असतं. मी स्वतः लक्ष घालतो."

सुषमा शेजारीच बसली होती. तिने मला नीट बंद केलं, पर्स उचलली आणि गेली. आता ती नवागामातल्या कुणा शोभाबाईंच्या गाळ्यात डिझाइन काढते असं ऐकतो.

भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला माझी निळी पट्टी अभिमानाने दाखवतात. मी दिवसभर त्यांच्या गुलाबांची वाट पाहत बसतो. तुमच्या ओळखीत कुणी डिझाइन काढणारं असेल, तर पाठवा. इथे जागा रिकामी आहे.