मालसूनची भीती आणि मी

मी एक जुनी यंत्रणा आहे, मित्रांनो, आणि माझे नाव घेताना तुमची जीभ अडखळेल: एंडोकॅनाबिनॉइड. शास्त्रज्ञ गांजाच्या, म्हणजे कॅनाबिसच्या, झाडाचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांना माझा पत्ता लागला आणि त्यांनी माझे बारसे त्या झाडावरूनच उरकले. त्याचा मला अजून थोडा राग आहे. ते झाड कुणी ओळखण्याच्या कितीतरी आधीपासून मी माणसांच्या अंगात राबते आहे. एक मात्र छान झाले. माझ्या एका निरोप्याचे नाव त्यांनी आपल्या 'आनंद' या शब्दावरून ठेवले.

मी राहते कोरियातल्या जेजू बेटावर, ह्यॉन मालसून नावाच्या पाणबुड्या बाईच्या अंगात. मेंदूच्या पेशी एकमेकींना सतत निरोप धाडतात. एखादीने फारच कलकलाट केला, की ऐकणारी पेशी माझ्या निरोप्याला उलट पाठवते, "बाई, जरा हळू." दुखणे, भूक, झोप, धास्ती, सगळीकडे माझे हेच काम. ते नीट झाले की माझी कुणाला आठवणही होत नाही. मला त्याची सवय आहे.

तरुणपणापासून मालसून एका दमात तळाशी जाऊन शिंपले काढायची. गावातल्या पाणबुड्या बायकांत ती पहिल्या फळीची. वर आली की शिट्टीसारखा श्वास सोडायची आणि मी तिच्या ठणकणाऱ्या सांध्यांची समजूत काढायचे. आमचे बरे चालले होते.

मग एका शरद ऋतूत तिच्या हातून ती चूक झाली, जिच्याबद्दल तिथल्या मुलींना पाण्यात उतरण्याआधीच बजावतात. दम संपत आलेला असताना तिला खडकावर मोठा शिंपला दिसला. वर जाऊन पुन्हा यायचे सोडून तिने त्याच्याखाली शिंपले उचकटायची लोखंडी पट्टी खुपसली. शिंपल्याने खडक घट्ट धरला, पट्टी अडकली, आणि पट्टीची दोरी तिच्या मनगटाला बांधलेली. हात सोडवून ती कशीबशी वर आली.

त्यानंतर तिने समुद्राचे नाव टाकले. बार्लीचा भात घशाखाली उतरेना, डोळ्याला डोळा लागेना. लाट वाजली की तिच्या मेंदूत आरडाओरडा सुरू व्हायचा. जागरणाने आणि उपासाने मीही खंगले. ही बाई समुद्रावाचून जगेल कशी, या विचाराने मला फार वाईट वाटायचे.

एके सकाळी तिची लहानपणापासूनची जोडीदार बू चुन्जा सूपाचे भांडे घेऊन आली.

"चल गं, आज आजीबाईंच्या पाण्यात जाऊ."

किनाऱ्यालगतचे उथळ पाणी गाव वयाने थकलेल्या पाणबुड्या बायकांसाठी राखून ठेवते. दुसऱ्या कुणी तिथे हात घालायचा नाही. मालसून भडकली.

"मी काय शंभरीला टेकलेय? तिथं बोळक्या तोंडाच्या बाया शंख वेचतात."

"मग शीक त्यांच्याकडून. आणि आधी हे पी. तोंड बघ तुझं, सुक्या बोंबलागत झालंय."

सूपाच्या वासाने मला संधी मिळाली. मी तिची भूक चाळवली, आणि सूप संपवून ती चुन्जाबरोबर निघाली.

आधी गुडघाभर पाणी झाले, मग कमरेएवढे, मग तिने तोंड बुडवले. दर वेळी ती सुखरूप बाहेर आली आणि दर वेळी मी त्या ओरडणाऱ्या पेशींना थोडे शांत केले. आठवण मी पुसली नाही, फक्त तिचा आवाज उतरवला. सगळे श्रेय मी एकटी घेणार नाही. शेकोटीभोवती बायकांनी केलेली चेष्टा आणि दमल्यावर लागलेली गाढ झोप माझ्या मदतीला होती.

वसंतात चुन्जाने विचारले, "उद्या खोलात येतेस, की इथंच म्हातारी होणार?"

"येते. पण भीती पुरती गेली नाही गं."

"मग?"

"मग काय, तिलाही घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी तळाशी, अगदी दम संपताना, तिला तसाच मोठा शिंपला दिसला. हात पुढे झाला. तेवढ्यात उरलेली भीती टोचली. शिंपला तिथेच सोडून ती वर आली आणि तिने मोकळा श्वास सोडला.

मित्रांनो, मी तुमच्याही अंगात आहे. मला वेळेवर झोप द्या, पोटभर जेवण द्या, आणि घाबरलात तर उथळ पाण्यापर्यंत सोबत येणारे कुणीतरी जवळ ठेवा. पण सगळीच भीती घालव, असे मात्र मला सांगू नका. वेळेवर टोचण्यापुरती ती मी मुद्दाम ठेवते.